ई-रीडरचं कार्ड बदलताना न दिसणारे दहा एमबी

कोबो टच किंवा ग्लो या जुन्या ई-रीडरचं पाठचं झाकण काढलं की आत नखाएवढं मायक्रो एसडी कार्ड दिसतं. प्रणाली आणि पुस्तकं, सगळं त्याच्यावरच. ते असतं 2 जीबीचं. दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ घालू लागलात की बघता बघता भरतं. जागी 32 जीबीचं कार्ड बसवता येतं, पण नुसत्या फाइली कॉपी करून यंत्र सुरू होणार नाही.

कार्डावर तीन पार्टिशन, म्हणजे वेगवेगळे कप्पे, असतात: पहिलं प्रणालीचं, दुसरं फॅक्टरी रीसेटसाठीचं (दोन्ही साधारण 256 एमबी), आणि तिसरं पुस्तकांचं, फॅट32 या मांडणीचं. या तिघांच्याही आधी सुमारे दहा एमबी जागा कुठल्याच पार्टिशनमध्ये मोडत नाही. बूटलोडर (यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम), कर्नल (प्रणालीचा गाभा), यंत्राचा अनुक्रमांक आणि पडद्याचा वेव्हफॉर्म नावाचा तक्ता तिथे असतो. ई-इंक पडद्यातले काळे-पांढरे कण हलवायला किती व्होल्टेज किती वेळ द्यायचं, ते हा तक्ता ठरवतो. म्हणून दुसऱ्याच्या यंत्राच्या कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊ नका. पडद्यावर मागच्या पानाची सावली राहू शकते.

यंत्र पूर्ण बंद करून कार्ड काढा आणि लिनक्सच्या लॅपटॉपला लावा. विंडोजला पहिली दोन पार्टिशन वाचता येत नाहीत, ते 'फॉरमॅट करू का?' विचारतं. तिथे 'हो' म्हटलं की संपलं. लिनक्सच्या 'डीडी' या कमांडने अख्ख्या कार्डाची इमेज घ्या: लिनक्सने कार्डाला एसडीबी नाव दिलं असेल तर एसडीबी, एसडीबी3 (नुसतं तिसरं पार्टिशन) नव्हे. कमांडमधलं 'इफ' म्हणजे कुठून वाचायचं, 'ऑफ' म्हणजे कुठे लिहायचं. ही अदलाबदल झाली तर मूळ कार्डच पुसलं जातं. आपल्याकडे पावसात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम करू नका. नव्या कार्डावर लिहिताना वीज गेली तर फक्त पुन्हा लिहायचं, इमेज शाबूत असते.

नवं कार्ड आधी 'एफ3' या कार्डाची खरी क्षमता तपासणाऱ्या प्रोग्रामने तपासा, खोट्या क्षमतेची कार्डं बाजारात भरपूर आहेत. त्यावर इमेज लिहून झाली की 'एफडिस्क' या पार्टिशन करणाऱ्या प्रोग्राममध्ये तिसरं पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून (कार्डावरच्या जागेच्या लहान तुकड्यापासून) सुरू होतं तो आकडा कागदावर टिपा. मग ते पुसून नवं करा. इथेच बहुतेकांचा घात होतो: 'एफडिस्क' सुरुवातीचा सेक्टर म्हणून 2048 सुचवतो, कारण त्याला ती जागा रिकामी वाटते. कर्नल नेमका तिथेच असतो. नुसतं एंटर दाबून फॉरमॅट केलंत तर तो गेला. टिपलेला आकडाच टाका, शेवटचा सेक्टर मात्र सुचवलेला चालतो. पार्टिशनचा प्रकार 'बी' (फॅट32 चा कोड) ठेवा, फॅट32 करा, नाव 'कोबोईरीडर' हेच, मूळ इंग्रजी स्पेलिंगसकट.

आता जुन्या तिसऱ्या पार्टिशनमधलं सगळं आणा. टिंबाने सुरू होणारा लपलेला 'कोबो' फोल्डर विसरू नका. अधोरेखितं आणि वाचलेलं पान त्यातल्या डेटाबेसमध्ये असतं. देवनागरी फाँट घातले असतील तर 'फाँट्स' फोल्डरही.

मूळ कार्ड पुसू नका. गोव्याच्या दमट हवेत उघडं ठेवण्यापेक्षा सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, वर यंत्राचं नाव लिहून.