वकील कार्यालयाची नवी वेबसाइट : लोगोच्या आधी डोमेनची किल्ली शोधा

पहिल्या भेटीत वकीलसाहेब विचारतात, "लोगो कधी दाखवताय?" वेबसाइट आणि लोगो करून देणारे आम्ही विचारतो, "डोमेन, म्हणजे साइटचं आणि ईमेलमधल्या '@'पुढचं इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या नावावर आहे?" यावर बहुतेक कार्यालयांत जरा शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, "तेव्हा ज्या मुलानं साइट केली होती, त्याच्याच नावावर असेल." लोगोला आठवडे लागत नाहीत, या मुलाला शोधायला लागतात. म्हणून हे पत्रक.

डोमेन, आणि त्याला लटकलेला ईमेल

वेबसाइट म्हणजे बांधकाम आणि डोमेन म्हणजे सातबारा असं धरा. (सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे तुम्ही आम्हाला सांगालच. पण कल्पना पोचली.) बांधकाम पाडून नवं उभारता येतं. सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असेल तर विटा रचण्यात अर्थ नाही.

नाव कोणाचं आहे हे पाहायला सार्वजनिक नोंदीत जाऊन फारसा उपयोग होत नाही, तिथं बहुधा तपशील झाकलेला असतो. त्याऐवजी कार्यालयाच्या जुन्या ईमेलमध्ये 'रिन्यूअल' हा शब्द शोधा आणि दरवर्षी पैसे कोणाला जातात ते हिशेबाच्या वहीत पाहा. रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचं, नाव तिथं सापडतं. मग तीन गोष्टी बघायच्या: खात्यात शिरायचा ईमेल कोणाचा, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, आणि मुदत कधी संपते. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा मोबाइल नंबर ही इथली नेहमीची अडचण आहे.

या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेनची मुदत संपली की तो ईमेल बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच बंद पडलेल्या ईमेलवर जाऊन बसते. कार्यालयाच्या नावानं एक स्वतंत्र जीमेल उघडा आणि त्याचा पासवर्ड दोन भागीदारांकडे ठेवा.

आता जिच्यामुळे सगळ्यात जास्त वेळ खाल्ला जातो ती चूक. नवी साइट तयार होते आणि कोणीतरी उत्साहानं डोमेनचा नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीचं ठिकाण, बदलून टाकतो. साइट झकास दिसते. पण नेमसर्व्हर बदलला की जुनी सगळी नोंदवही मागे राहते, आणि ईमेल कुठं पोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंद त्याच वहीत असते. नव्या वहीत ती कोणी लिहिलेली नसते. तुमच्या कार्यालयाला याचा पत्ताही लागत नाही, कारण बंद पडतं ते येणारं टपाल. अशिलानं पाठवलेली कागदपत्रं परत जातात. परत गेल्याचा निरोप त्यालाच मिळतो, तोही कधी लगेच, कधी त्याच्या सर्व्हरनं चार-पाच दिवस प्रयत्न करून झाल्यावर. ज्या व्यवसायात मुदतीचा एकेक दिवस मोजला जातो, तिथं हे परवडत नाही.

म्हणून आम्ही नेमसर्व्हरला हात लावत नाही. आधी सगळ्या नोंदी उतरवून घेतो: एमएक्स, तुमच्या नावाचा ईमेल खरा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी आणि असलेले उपडोमेन. बदलाच्या एक दिवस आधी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतर संगणकांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणतो. मग फक्त साइटकडे नेणारी 'ए' नोंद आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची नोंद बदलतो. काही चुकलंच तर साधारण पाच मिनिटांत पूर्वपदावर येता येतं. हे काम शनिवारी दुपारी करतो, सोमवारी कोर्टाचा बोर्ड लागायच्या आत दोन्ही दिशांचे ईमेल तपासून होतात.

जुनं होस्टिंग, म्हणजे साइटसाठी भाड्यानं घेतलेली सर्व्हरवरची जागा, त्याच दिवशी बंद करू नका. अनेक कार्यालयांच्या ईमेल-पेट्या त्याच होस्टिंगवर असतात. खातं बंद म्हणजे दहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. पेट्यांची प्रत काढून, उघडून पाहून, मग किमान ३० दिवस जुनं खातं चालू ठेवायचं.

कार्यालयाचं नावच बदलत असेल, म्हणजे भागीदार निघाला किंवा नवा आला, तर जुनं डोमेन सोडायचं नाही. तो ईमेल पत्ता तुमच्या वकीलपत्रांवर, नोटिसांवर आणि ई-फायलिंगच्या खात्यात आहे. सोडलेलं डोमेन कोणीही घेऊ शकतो, आणि मग तुमच्या अशिलांचे ईमेल त्याच्याकडे जातात. वर्षाचे हजार-दीड हजार रुपये वाचवायची ही जागा नव्हे. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे ३०१ वळण, म्हणजे आपोआप नेणारं कायमचं वळण, आम्ही लावून देतो.

"जिंकलेले खटले का टाकत नाही?"

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ जाहिरात करू देत नाही, आणि २००८ च्या दुरुस्तीनं वेबसाइटला जी मोकळीक दिली ती मोजकी आहे: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक व तारीख, बार कौन्सिल, बार असोसिएशन, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं. अशिलांचे अभिप्राय, निकालांची यादी, 'सर्वोत्तम', 'खात्रीशीर' यांपैकी काही त्या यादीत नाही. नियम तुम्ही आमच्यापेक्षा चांगला जाणता. पण साइटचा मजकूर ज्युनिअर किंवा इंटर्न लिहितात, आणि तिथंच विशेषणं शिरतात. आम्ही ती काढतो, म्हणून "तुमची साइट फार साधी वाटते" असं कधी ऐकावं लागतं. ऐकून घेतो.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. कामाची क्षेत्रं वेबसाइटवर चालतात, पण पाटीवर आणि लेटरहेडवर अमुक कामातले विशेषज्ञ असा उल्लेख त्याच नियमाला चालत नाही. त्यामुळे साइटवरचा मजकूर जसाच्या तसा लेटरहेडच्या तळाशी छापायला सांगू नका.

साइट उघडताच येणारी 'मी सहमत आहे'ची चौकट (माहिती मी स्वतःहून पाहतो आहे, अशी कबुली घेणारी) आता रिवाज झाली आहे. नियम ३६ मध्ये तिच्याबद्दल शब्द नाही, तरी हवी असेल तर करून देतो. मात्र ती स्वतंत्र पान म्हणून नको, पानावर तरंगणारी हवी आणि एकदा होकार दिल्यावर पुन्हा विचारणारी नको. छोट्या मोबाइलवर तिचं बटण पडद्याबाहेर गेलं की पक्षकार तिथूनच परततो.

संपर्काच्या फॉर्ममध्ये 'प्रकरणाची संपूर्ण हकीगत लिहा' असा रकाना आम्ही ठेवत नाही. समोरचा पक्ष तुमचाच अशील निघाला तर? नाव, फोन आणि विषय एका ओळीत, एवढं पुरे.

जुना मजकूर चाळताना भादंवि आणि सीआरपीसीची कलमं तशीच राहिलेली दिसतात. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी नवे कायदे लागू आहेत. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांमुळे जुनी कलमं अजून कोर्टात चालत असली, तरी साइटवर नव्यांचा पत्ता नसणं बरं दिसत नाही. कलमं तपासणं तुमच्याकडे, पानं शोधून देणं आमच्याकडे.

मराठी मजकूर

श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की रोमन अक्षरांचा काला होतो. रूपांतर करता येतं, पण रफार घसरतो: 'कार्यालय'चं 'कायार्लय' होतं. मग प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. टायपिस्टना युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच दिसणाऱ्या मराठीत, द्यायला सांगा. 'ॲड.'सुद्धा दोन प्रकारे उमटतं: एक अखंड अक्षर, दुसरा 'अ'ला वरून जोडलेला चंद्र. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, शोधताना संगणक त्यांना वेगळं धरू शकतो. साइटभर आम्ही पहिला प्रकार ठेवतो.

लोगो, शेवटी एकदाचा

तराजू चालेल, पण शेजारच्या चेंबरचाही तोच आहे. लाकडी हातोडा नको, आपल्या कोर्टात न्यायाधीश तो आपटत नाहीत. अशोकस्तंभाची सिंहमुद्रा तर नाहीच नाही, तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे.

सोनेरी छटांचा लोगो पडद्यावर देखणा दिसतो. पण तुमचं लेटरहेड जगतं झेरॉक्सवर: नोटिशीची प्रत, तिची प्रत, मग दाव्यासोबत जोडलेली प्रत. त्यात सोनेरीचा काळा डाग होतो, फिकट राखाडी नाहीशी होते, अर्ध्या पॉइंटखालची रेघ तुटते. म्हणून आम्ही आधी काळ्या-पांढऱ्यात लोगो बसवतो, १८ मिलिमीटर रुंदीवर छापतो आणि प्रतीची प्रत अशी तीनदा झेरॉक्स काढतो. तिसऱ्या प्रतीत नाव वाचता आलं तर पुढं रंग. लेटरहेडवर दुसऱ्या पत्त्याची जागाही राखून ठेवतो. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून "तिथला पत्ता कुठं बसवू?" हे वारंवार विचारलं जातंय.

भेटीला येताना

डोमेनच्या खात्याचा तपशील, ईमेल-पेट्यांची यादी, प्रत्येक वकिलाचा सनद क्रमांक व तारीख, युनिकोडमधला मजकूर आणि शेवटचा होकार देणारा एकच भागीदार. पाच भागीदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाच रंग सुचवले की साइट आणि लोगोच्या एकूण कामाच्या आठ आठवड्यांचे बारा होतात. डोमेन आणि ईमेलच्या तपासणीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. साइट आमच्याकडे करायची नसली तरी ही तपासणी करून देतो. काम संपल्यावर लोगोच्या मूळ व्हेक्टर (कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या) फाइली आणि सगळे पासवर्ड तुमच्या ताब्यात येतात, आमच्याकडे अडकून काही राहत नाही.

कोर्टाच्या मे महिन्याच्या सुटीत साइट बदलायची असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवा. त्या सुटीवर सगळ्यांचाच डोळा असतो.