रोममधील चर्चदर्शनाची पायी फेरी: सकाळी सव्वानऊलाच का निघावे लागते?

नाव नोंदवल्यावर बहुतेक जण एकच विचारणा करतात: हॉटेलातील नाश्ता निवांत आटोपून साडेदहा-अकराला निघालो तर चालणार नाही का? चालणार नाही, आणि त्यामागे आमचा हट्ट नाही. आपल्याकडे दुपारच्या नैवेद्यानंतर जसा गाभारा बंद होतो, तशी रोममधील बरीच जुनी चर्च बारानंतर एकेक करून बंद होऊ लागतात आणि तीन-चारशिवाय उघडत नाहीत. त्यामुळे अर्ध्या तासाच्या उशिराने शेवटचे चर्च सबंधच हुकते, आणि शेवटचे म्हणजे जेझू. जुन्या गोव्यात ज्यांच्या शवाचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतलेले असते, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग १६१४ मध्ये वेगळा करून रोमला पाठवण्यात आला, तो येथेच आहे. कुलूप पाहून परतताना सर्वाधिक हळहळ याचीच होते.

सुरुवात सान लुईजी देई फ्रान्चेसीपासून होते. तेथे डावीकडच्या शेवटच्या चॅपेलात काराव्हाज्जोने संत मॅथ्यूवर काढलेली तीन चित्रे आहेत. चॅपेल अंधारे असल्याने पेटीत नाणे टाकावे लागते, तेव्हा दिवा लागतो आणि थोड्या वेळात आपोआप मालवतो; ही नाणी आम्हीच बाळगतो. जवळच्या सांत आगोस्तीनोमध्ये त्याच चित्रकाराची मरियम दाराशी उभी आहे आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळलेले तळवे थेट आपल्यासमोर येतात. वारी केलेल्या माणसाला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. वाटेत सांत इन्यात्सिओमध्ये आंद्रेआ पोत्झोचा सपाट पृष्ठभागावर रंगवलेला घुमट पाहतो.

या चारही चर्चना प्रवेशशुल्क नाही, मग पैसे कशाचे, असेही विचारले जाते. ते मराठीतून समजावून सांगणाऱ्या वाटाड्याचे आणि आठच जणांच्या गटाचे आहेत. म्हणूनच ठरलेल्या जागी आम्ही दहाच मिनिटे थांबतो. मागून येणाऱ्यांना फोनवर रस्ता सांगत बसल्यास वेळेवर आलेल्यांवर अन्याय होतो.

खांदे व गुडघे झाकलेले असावेत. उन्हाळ्यात एक ओढणी जवळ ठेवली तरी पुरते. रविवारी सकाळी मिस्सा असल्याने फेरी नसते. ज्यांना सकाळ जमतच नाही, त्यांच्यासाठी दुपारी चारची फेरी आहे. मात्र ती नोंदणी करतानाच सांगावी, आयत्या वेळी बदल करता येत नाही.