मार्गगुणधर्म, बीजीपीतील

इंटरनेट हे स्वतंत्रपणे चालवल्या जाणाऱ्या हजारो जाळ्यांचे मिळून बनलेले आहे. अशा प्रत्येक जाळ्याला स्वायत्त प्रणाली किंवा एएस म्हणतात. ही जाळी बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी, वापरून एकमेकांना मार्ग कळवतात, आणि प्रत्येक मार्गासोबत त्याविषयीची जी माहिती जोडून पाठवतात तिला मार्गगुणधर्म म्हणतात. एकाच प्रीफिक्सकडे, म्हणजे पत्त्यांच्या एका सलग गटाकडे, नेणारे अनेक मार्ग हाती असतील, तर राउटर, म्हणजे वाहतूक पुढे पाठवणारे यंत्र, या गुणधर्मांवरून एकाची निवड करतो. एक प्रीफिक्स दुसऱ्याच्या पोटात असेल, तर मात्र ही तुलना लागूच होत नाही. तेथे अधिक नेमका, म्हणजे लहान गटाचा, प्रीफिक्स सरस ठरतो. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातून यूट्यूबच्या पत्त्यांचा एक लहान तुकडा जाहीर झाला आणि जगभरची वाहतूक तिकडे वळली, ती याच नियमामुळे.

बीजीपीचा पहिला आराखडा जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिन येथे आयईटीएफ या इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेच्या बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या अभियंत्यांनी कागदी रुमालांवर मांडला, असे सांगितले जाते. रुमाल दोन होते की तीन, याविषयी कथनांत फरक आहे. लेन बोसाक यांचेही नाव या प्रसंगाशी जोडले जाते. गुणधर्मांचा इतिहास पाहताना या वादाला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. जून १९८९ च्या आरएफसी ११०५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) जोडण्यांना वर, खाली व समांतर अशा दिशा होत्या आणि मार्गाची वैधता त्यांवरून तपासली जाई. जून १९९० च्या आरएफसी ११६३ ने त्या दिशा काढून टाकल्या आणि मार्गगुणधर्म आणले. त्यामुळे या संकल्पनेचा आरंभ १९९० पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

निवडीचे प्रचलित नियम जानेवारी २००६ च्या आरएफसी ४२७१ मध्ये आहेत. सर्वांत आधी लोकल प्रेफरन्स, म्हणजे जाळ्याने मार्गाला दिलेला पसंतीचा आकडा, पाहिला जातो आणि ज्याचे मूल्य अधिक तो मार्ग पुढे राहतो. हे मूल्य जाळ्याचा चालक स्वतःच्या धोरणाप्रमाणे ठरवतो. ग्राहकाकडून आलेला मार्ग वर, बरोबरीच्या जाळ्याकडून आलेला त्याखाली आणि पुरवठादाराकडून आलेला शेवटी, अशी उतरंड बहुतेक ठिकाणी आढळते. त्यानंतर एएस पाथची, म्हणजे मार्गातील एएस क्रमांकांच्या यादीची, लांबी येते. ती वाटेतील स्वायत्त प्रणालींची संख्या असते, अंतर किंवा वेग नव्हे, आणि म्हणूनच स्वतःचा क्रमांक मुद्दाम पुन्हापुन्हा जोडून एखादा मार्ग लांब दाखवता येतो. विशेष म्हणजे मार्च १९९५ च्या आरएफसी १७७१ मधील बरोबरी सोडवण्याच्या पायऱ्यांत ही लांबी नव्हती. राउटर उत्पादकांनी ती आधीच वापरात आणली होती आणि अधिकृत प्रमाण-दस्तऐवजाने तिला नंतर स्थान दिले. पुढे ओरिजिन (मार्ग मुळात बीजीपीत कसा आला याची खूण), एमईडी, बाहेरून थेट मिळालेल्या मार्गाला प्राधान्य, नेक्स्ट हॉपपर्यंतचा, म्हणजे मार्गावरील पुढच्या राउटरपर्यंतचा, अंतर्गत खर्च आणि त्यानंतर राउटरचा ओळखक्रमांक, असा क्रम लागतो.

यांतील एमईडी, म्हणजे मल्टी एक्झिट डिस्क्रिमिनेटर, हा गुणधर्म सर्वांत अवघड आहे. दोन जाळी अनेक ठिकाणी जोडलेली असतील, तर कोणत्या जोडणीने यावे हे शेजारी त्यातून सुचवतो. कमी मूल्य सरस असते. परंतु तुलना एकाच शेजारी एएसकडून आलेल्या मार्गांतच होते, आणि या एका अटीमुळे मार्गांची सरळ क्रमवारी लागत नाही. समजा, आपल्याच जाळ्यातील इतर राउटरांकडून तीन मार्ग कळले असून त्यांचे आधीचे सर्व गुणधर्म सारखे आहेत. पहिला व दुसरा एकाच शेजाऱ्याचे आहेत : पहिल्याचा एमईडी २० व अंतर्गत खर्च ५, दुसऱ्याचा एमईडी १० व खर्च १५. तिसरा दुसऱ्या शेजाऱ्याचा असून त्याचा खर्च १० आहे. दुसरा पहिल्याला एमईडीवर हरवतो, तिसरा दुसऱ्याला खर्चावर हरवतो आणि पहिला तिसऱ्याला खर्चावरच हरवतो. तिन्ही एकत्र तपासले तर तिसरा निवडला जातो. जोडीजोडीने तपासले तर निकाल मार्ग कोणत्या क्रमाने आले यावर अवलंबून राहतो. रूट रिफ्लेक्टरमुळे, म्हणजे जाळ्याच्या आत इतरांचे मार्ग पुढे कळवणाऱ्या राउटरमुळे, एखाद्या राउटरला तिन्हींपैकी फक्त काही मार्ग दिसत असतील, तर निवड कधीच स्थिरावत नाही, असेही घडते. ऑगस्ट २००२ च्या आरएफसी ३३४५ मध्ये निवडीच्या या सततच्या हेलकाव्याची नोंद आहे. सर्व शेजाऱ्यांचे एमईडी सरसकट तुलनेत घ्यावेत हा एक उपाय सुचवला जातो. तथापि वेगवेगळ्या जाळ्यांनी आपापल्या मोजमापाने दिलेले आकडे एकमेकांशी ताडण्यास सबळ आधार दिसत नाही, म्हणून येणारे एमईडी दुर्लक्षित करणे अधिक सुरक्षित मानावे लागते. एमईडी दिलेलाच नसेल, तर आरएफसी ४२७१ त्याचे मूल्य शून्य, म्हणजे सर्वांत अनुकूल, धरते.

कम्युनिटी हा ऑगस्ट १९९६ च्या आरएफसी १९९७ मधील गुणधर्म वरील क्रमात येत नाही. तो मार्गाला लावलेली खूण असतो आणि ती पाहून मार्ग स्वीकारणारे जाळे आपला लोकल प्रेफरन्स बदलू शकते. काही मूल्ये सर्वमान्य आहेत. बाकीच्यांचा अर्थ प्रत्येक जाळे स्वतः ठरवते.