मॉडेल विमानाच्या थ्रॉटलसाठी कोणता सर्वो घ्यावा? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दर महिन्याला कोणी ना कोणी जळालेला सर्वो (रेडिओच्या इशाऱ्यावर आर्म फिरवणारी छोटी मोटरची पेटी) काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "थ्रॉटलचा गेला. आता याच्यापेक्षा मोठा द्या." मोठा सर्वो विकला तर आमचा फायदाच आहे. तरी आम्ही तो लगेच काढून देत नाही, आधी चार प्रश्न विचारतो. घाईत असलेल्यांना ते आवडत नाही, हे आम्हाला दिसतं. म्हणून तेच सगळं इथे सविस्तर लिहिलं आहे.

हे पत्रक रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या ग्लो (ग्लो प्लगवर चालणाऱ्या) आणि पेट्रोल इंजिनवाल्यांसाठी आहे. इलेक्ट्रिक विमानात थ्रॉटलला सर्वो लागत नाही, मोटरची रेस ईएससीच (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) कमी-जास्त करतो.

तुम्ही आणलेला सर्वो आम्ही तुमच्यासमोरच उघडतो. विमान आपटून गेलेल्या सर्वोचे दाते तुटलेले असतात, तुकडे ग्रीसमध्ये अडकलेले दिसतात. थ्रॉटलच्या सर्वोचं बहुतेक वेळा उलटं असतं. दाते शाबूत, ग्रीस स्वच्छ, पण खालचं झाकण निघताच जळक्या वॉर्निशचा वास येतो. छोट्या मोटरची वाइंडिंग काळी पडलेली असते. हा सर्वो ताकद कमी पडली म्हणून गेलेला नाही. त्याला जिथे पोचायचं होतं तिथे कार्ब्युरेटरने जाऊ दिलं नाही, आणि तो ढकलत राहिला.

ही एकच चूक आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाते, म्हणून ती नीट समजून घ्या. विमानातल्या रिसीव्हरकडून येणारा पल्स (विजेचा इशारा) १ ते २ मिलिसेकंदांचा असतो, मध्य दीड मिलिसेकंदावर. त्यानुसार सर्वोला एक जागा सांगितली जाते आणि ती गाठेपर्यंत तो मोटरला वीज देत राहतो. कार्ब्युरेटरचं बॅरल (हवेची वाट उघडणारा-बंद करणारा फिरता भाग) मात्र स्टॉपला टेकलं की संपलं. बॅरल टेकल्यावरही सर्वोची चाल शिल्लक असेल, तर तो तिथे अडकून वीज खात राहतो. इंजिन बंद ठेवून, रेडिओ चालू करून फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) कान लावा. स्टिक खाली ओढल्यावर बारीक "घूंऽऽ" ऐकू आलं आणि थांबलंच नाही, तर तुमचा सर्वो आत्ता या क्षणी तापतो आहे.

एलेरॉनला (पंखावरच्या हलत्या पट्टीला) अशी चूक काही काळ खपून जाते, कारण एलेरॉनचा सर्वो बहुतेक वेळ मध्यावर असतो. थ्रॉटलचा सर्वो टोकांनाच राहतो. इंजिन स्लोला ठेवून रनवेवर वाट बघताना खालच्या टोकाला, टेकऑफला वरच्या टोकाला. म्हणजे चाल चुकली असेल तर तो जवळजवळ पूर्ण वेळ अडकलेला असतो.

आता हिशोब बघू. एंड पॉइंट (ट्रान्समीटरवर ठरवलेली सर्वोच्या चालीची हद्द) १०० टक्क्यांवर असताना बहुतेक सर्वो मध्यापासून दोन्हीकडे ४० ते ४५ अंश फिरतात. समजा पुशरॉड (सर्वो आणि कार्ब्युरेटर जोडणारी काडी) सर्वोच्या आर्मवर मध्यापासून १२ मिलिमीटरच्या भोकात लावला आहे. दोन्हीकडे ४५ अंश धरले तर तो एकूण १७ मिलिमीटर सरकतो. कार्ब्युरेटरचा आर्म १२ मिलिमीटरचा असेल आणि बॅरल ६० अंश फिरत असेल, तर त्याला १२ मिलिमीटर पुरतात. उरलेले ५ मिलिमीटर पुशरॉड वाकवण्यात आणि मोटर जाळण्यात जातात. पुशरॉड आतल्या, साधारण साडेआठ मिलिमीटरच्या भोकात आणा, चाल बरोबर १२ मिलिमीटर होते. सर्वोच्या पाकिटात तीन-चार प्रकारचे आर्म येतात ते यासाठीच. बरेच जण लांबातला लांब आर्म बसवतात आणि बाकीचे फेकून देतात. कृपया फेकू नका.

ताकदीचंही सांगतो. फुताबा एस३००३ हा साधा, ३७ ग्रॅमचा सर्वो ४.८ व्होल्टला ३.२ किलो-सेंटीमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. साडेआठ मिलिमीटरच्या भोकात त्याचा जोर पावणेचार किलोच्या आसपास पडतो. तुमच्या ४६ (म्हणजे ०.४६ घन इंच) इंजिनचं बॅरल करंगळीने फिरवून बघा, म्हणजे कळेल की हा जोर गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. करंगळीने फिरत नसेल तर कार्ब्युरेटरमध्ये इंधनातल्या जुन्या एरंडेलाचा चिकटा बसला आहे. तो साफ करा, सर्वो बदलू नका.

दहा किलो-सेंटीमीटरचा मेटल गिअर सर्वो लावला तर तो लगेच जळणार नाही, हे कबूल. पण अडकायचा तो अडकतोच. मग पुशरॉड वाकतो, क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची चिमट्यासारखी कडी) उघडतो, नाहीतर कार्ब्युरेटरचा आर्म ढिला होतो. आणि असा सर्वो अडकल्यावर दोन-अडीच अँपिअर ओढू शकतो. चार सेलच्या रिसीव्हर पॅकवर (रिसीव्हरच्या बॅटरीवर) तेवढा भार पडला की व्होल्टेज खाली बसतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो, आणि त्या क्षणी एलिव्हेटर आणि रडरही तुमच्या हातात राहत नाहीत. एवढ्यासाठीच आम्ही थ्रॉटलला मोठा सर्वो देताना हात आखडता घेतो.

आम्ही बसवताना असं करतो. ट्रान्समीटर चालू करून स्टिक आणि ट्रिम मध्यावर. सर्वोचा आर्म पुशरॉडला काटकोनात, बॅरल अर्धं उघडं. क्लेव्हिस तिथे जोडायचा. एंड पॉइंट दोन्हीकडे ६० टक्क्यांवर उतरवायचे आणि स्टिक टोकाला धरून एकेक टक्का वाढवत न्यायचे, बॅरल पूर्ण उघडलं की थांबायचं. खालच्या बाजूला स्टिक खाली आणि ट्रिम मध्यावर असताना साधारण एक मिलिमीटर फट राहिली पाहिजे, ट्रिमही खाली ओढल्यावर बॅरल पूर्ण बंद. कार्ब्युरेटरचा स्टॉप स्क्रू त्याआधी मागे घ्या, नाहीतर इंजिन ट्रान्समीटरवरून बंदच होणार नाही. एंड पॉइंट ६० टक्क्यांच्याही खाली आणावे लागत असतील तर भोक चुकलं आहे. तेव्हा टक्क्यांशी झगडत बसू नका, आतलं भोक घ्या. शेवटी फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर सर्वो जिथे जातो ती जागा) स्लोवर ठेवा आणि ट्रान्समीटर बंद करून तो खरंच स्लोवर जातो का ते डोळ्यांनी बघा.

तर घ्यायचा कोणता? २५ ते ६० आकाराच्या ग्लो इंजिनांना आम्ही साधा स्टँडर्ड ॲनालॉग सर्वो देतो, तीन किलोच्या आसपासचा, नायलॉन गिअरचा. मेटल गिअरचा आग्रह बरेच जण धरतात. थ्रॉटलच्या सर्वोला लँडिंगचे धक्के किंवा हवेचे फटके बसत नाहीत, त्याला दिवसभर फक्त इंजिनची थरथर सोसायची असते. धातूचे दाते त्या थरथरीने घासतात आणि प्ले (ढिलेपणा) येतो. नायलॉन ती थोडीफार पोटात घेतो. डिजिटल सर्वो जागा घट्ट धरतो, पण वीज जास्त खातो, आणि इथे त्याचा वेगळा उपयोग नाही. तोच पैसा एलिव्हेटरच्या सर्वोवर घाला. १५ च्या खालच्या लहान इंजिनांना नऊ ग्रॅमचा सर्वो चालतो, फक्त त्याचे बारीक दाते दर मोसमाला तपासा.

थ्रॉटलवर पैसे घालायचेच असतील तर जोडणीवर घाला. स्लो एकदा २२०० आरपीएमला थांबतं, पुढच्या वेळी २८०० ला, अशी तक्रार आली की आम्ही आधी आर्मचं भोक बघतो. तारेच्या झेड-बेंडने (झेडसारख्या वाकवलेल्या टोकाने) ते लंबगोल झालेलं असतं. नवा आर्म आणि बॉल लिंक लावली की बहुतेकदा तक्रार मिटते. दोन्ही आमच्याकडे सुटे मिळतात. आर्म घेताना सर्वोची कंपनी सांगा. फुताबाच्या स्टँडर्ड सर्वोच्या शाफ्टला २५ दाते, हायटेकच्या बहुतेक साध्या स्टँडर्ड सर्वोंना २४, आणि एकाचा आर्म दुसऱ्यावर दाबून बसवला की शाफ्टच खराब होतो.

पेट्रोल इंजिनचं थोडं वेगळं आहे. तिथे बॅरलऐवजी बटरफ्लाय (फिरणारी चपटी चकती) आणि परतीची स्प्रिंग असते, म्हणून तीन ते पाच किलोचा बेअरिंगवाला सर्वो द्यावा. पुशरॉड धातूचा नको, नायलॉनचा घ्या, म्हणजे इग्निशनचा त्रास त्यातून रिसीव्हरकडे येत नाही. थरथर इथे जास्त असल्यामुळे रबर ग्रोमेट हवेतच. ग्रोमेटमधल्या पितळी आयलेटची (छोट्या नळीची) रुंद कड लाकडाकडे ठेवायची. उलटी बसवली तर स्क्रू आवळताच कड रबरात रुतते आणि सगळी थरथर थेट सर्वोच्या पेटीत जाते.

वॉरंटीबद्दल स्पष्ट लिहितो. प्रत्येक सर्वो आम्ही विकण्याआधी टेस्टरवर दोन्ही टोकांना फिरवून दाखवतो. दाते शाबूत आणि मोटर जळालेली असा सर्वो परत आला, तर तो बदलून देत नाही. त्यात कारखान्याचा दोष नसतो, आणि तसाच नवा बसवला तर तोही जाईल. मात्र आमच्याकडून नवा घेतला तर जोडणी आम्ही मजुरी न घेता लावून देतो.

त्यासाठी येताना इंजिन बसवलेलं फ्यूजलाज, पुशरॉड, चार्ज केलेला रिसीव्हर पॅक आणि तुमचा ट्रान्समीटर आणा. पंख घरी राहिले तरी चालतील. टाकीतलं इंधन मात्र निघण्याआधी पूर्ण काढा. साधारण पाऊण तास लागतो, शनिवारी गर्दी असते.