रॅली चालनकौशल्य

अरुंद, वळणावळणाच्या आणि पुष्कळदा कच्च्या रस्त्यावर मोटारगाडी जास्तीत जास्त वेगाने, तरीही ताब्यात ठेवून हाकण्याचे कौशल्य. बंदिस्त मार्गावरील शर्यतीत चालक तेच वळण पन्नास-साठ वेळा घेतो. रॅलीत ते एकदा किंवा दोनदाच वाट्याला येते आणि प्रत्येक गाडी एकटीच घड्याळाशी झुंजते. त्यामुळे न दिसणाऱ्या रस्त्याचा अंदाज हा येथे कौशल्याचा गाभा ठरतो. माँटे कार्लो रॅली १९११ मध्ये सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७३ पासून आहे.

तंत्राचा पाया म्हणजे भाराची हलवाहलव. ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकांवर येतो, ती रस्ता घट्ट धरतात आणि मागची बाजू हलकी पडते. ‘स्कँडिनेव्हियन फ्लिक’ हे याचेच टोकाचे रूप. उजवे वळण घ्यायचे असता चालक आधी गाडी क्षणभर डावीकडे वळवतो आणि लगेच उजवीकडे ओढतो; लंबकासारखी मागची बाजू झोका घेते आणि वळण येण्यापूर्वीच गाडीचे नाक वळणातून बाहेर पडण्याच्या दिशेला लागते. खडी व बर्फावर हे उपयोगी पडते. मात्र झोक्याला रुंदी लागते आणि आजची अव्वल गाडीच जवळजवळ १.९ मी. रुंद असते; त्यामुळे अरुंद डांबरी घाटात घसरण जितकी कमी तितका वेळ वाचतो. प्रेक्षकांना नेमकी घसरणच आवडते, हा भाग वेगळा.

डाव्या पायाने ब्रेक लावण्याच्या तंत्राचे जनकत्व वादग्रस्त आहे. एरिक कार्लसन या स्वीडिश चालकाने साब ९६ ही ८४१ घ.सेंमी. द्विधाव (टू-स्ट्रोक) एंजिनाची, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी चालवून ब्रिटनची आर.ए.सी. रॅली १९६० ते १९६२ अशी सलग तीनदा आणि माँटे कार्लो १९६२ व १९६३ मध्ये जिंकली. एंजिनाचे फेरे उतरले की ते पुन्हा चढायला वेळ घेई. म्हणून उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्याने ब्रेक दाबण्याची युक्ती निघाली. पुढच्या चाकांना एंजिन ओढत राहते, ब्रेकचा परिणाम मुख्यतः मागच्या चाकांवर होतो आणि शेपूट वळते. काही जण हे श्रेय मिनी कूपर चालवणारे फिनलंडचे राउनो आल्टोनेन यांना देतात. दोन्ही गाड्यांची अडचण एकच असल्याने हे तंत्र स्वतंत्रपणे निघाले असावे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. वापरातला अग्रक्रम मात्र बहुधा कार्लसन यांचा.

सहचालकाने वाचायच्या ‘पेस नोट्स’बाबतही, म्हणजे रस्त्याच्या आगाऊ टिपलेल्या नोंदींबाबतही, असेच. १९५५ च्या इटलीतील मिले मिलिया शर्यतीत ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी बसलेल्या डेनिस जेंकिन्सन यांनी सुमारे ५.५ मी. लांबीची कागदाची गुंडाळी डबीतून फिरवत, एंजिनाच्या गोंगाटामुळे हातांच्या खुणांनी वळणे सांगितली. सुमारे १,६०० किमी. अंतर त्यांनी १० तास ७ मि. ४८ सेकंदांत तोडले. अमेरिकन चालक जॉन फिच यांच्याशी झालेल्या चर्चेतून ही कल्पना पुढे आली होती. ही रॅली नव्हे, रस्त्यावरची शर्यत होती; तेव्हा तिला रॅलीतील नोंदींचा उगम म्हणण्यापेक्षा एक गाजलेला पूर्वावतार म्हणणे बरे. आज वळणाची तीव्रता बहुधा १ ते ६ अंकांनी सांगतात, पण प्रत्येक जोडीची बोली वेगळी. ‘शंभर, माथा, उजवे चार, आवळते, आत कापू नको’ (शंभर मीटरवर चढाचा माथा, मग चार अंकी उजवे वळण, ते पुढे अधिक तीव्र होते, आतल्या कडेवरून जाऊ नको) एवढे शब्द दोन-तीन सेकंदांत कानी पडतात. माथ्यापलीकडचे काही दिसत नसताना चालक त्या भरवशावर पाय दाबून ठेवतो. शब्द उशिरा आला तर निरुपयोगी आणि फार लवकर आला तर विसरला जातो.

याचे उलटे उदाहरण १९६७ चे. फिनलंडमधील आउनिनपोह्या टप्प्यावर टिमो मॅकिनेन यांच्या मिनीचे बॉनेट उघडून काचेवर उभे राहिले. डोके बाजूच्या खिडकीतून बाहेर काढून त्यांनी गाडी दामटली आणि रॅली जिंकली.

१९८१ पासून आउडी क्वात्रो या गाडीच्या चारही चाकांच्या ओढीने कच्च्या रस्त्यावरचे गणित बदलले. एंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब टिकवण्यासाठी डाव्या पायाचा ब्रेक पुन्हा कामी आला. वेग मात्र रस्त्यांना पेलेनासा झाला. मे १९८६ मध्ये कॉर्सिकाच्या घाटात हेन्री तोइव्होनेन व सर्जियो क्रेस्तो मृत्युमुखी पडल्यावर त्या काळच्या ‘ग्रुप बी’ या अतिवेगवान गटातल्या गाड्या वर्षअखेर बाद झाल्या.

स्वीडनच्या हिवाळी रॅलीत अरुंद, खिळे ठोकलेले टायर वापरतात आणि कडेच्या बर्फाच्या भिंतीला गाडीची मागची बाजू हलकेच टेकवून वळण काढतात. भिंत भुसभुशीत निघाली तर गाडी आत ओढली जाते आणि फावड्याने उकरून काढावी लागते.