कोल्हापुरी चप्पल : घडण, फॅशन आणि नवे रचनाकार

कोल्हापुरी चप्पल म्हणजे झाडांच्या सालींनी कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली उघडी वहाण. पुढे अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचे कडे, मधोमध पट्टा आणि दोन्ही बाजूंना कान, म्हणजे चामड्याच्या पाळ्या, ही तिची ओळख. नाव कोल्हापूरचे असले तरी ती एका शहराची नाही. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातल्या मराठी आणि कन्नड मुलखात ती सारख्याच हातोटीने घडते. म्हणूनच २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या मुलखाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. त्याची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे : महाराष्ट्राचे संत रोहिदास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकाचे लिडकर. सीमाभागावरून इतकी वर्षे भांडणाऱ्या दोन राज्यांनी एका चपलेवर जोडीने हक्क सांगावा, ही गोष्ट साधी नाही.

पूर्वी ‘कोल्हापुरी’ हे एकच नाव नव्हते. जिथे चप्पल बने त्या गावावरून किंवा तिच्या ढंगावरून तिला ओळखत. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकरी ही त्यांतली काही नावे. कागल तालुक्यातल्या सेनापती कापशी गावची कापशी चप्पल आजही जाणकार नाव घेऊन मागतात. ही सगळी नावे एका बाजारपेठेच्या नावाखाली गेली, कारण माल कोल्हापुरात येऊन विकला जाई. शहरातल्या ‘चप्पल लाईन’मध्ये आजही दुकानाला दुकान लागून आहे. तिथे ‘कोल्हापुरी’ म्हणून मिळणारे कितीतरी जोड अथणी, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत शिवलेले असतात.

घडण : या चपलेचे सगळे गुण आणि सगळे दोष तिच्या चामड्यात आहेत. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते कमावतात. जुन्या पद्धतीत कातडेच शिवून त्याची पिशवी करतात, ती सालीच्या अर्काने भरतात आणि टांगून ठेवतात. अर्क कातड्यातून झिरपत राहतो आणि आतून-बाहेरून ते पिकते. हे काम परंपरेने ढोर-कक्कय्या समाजाचे आणि चप्पल शिवण्याचे चर्मकार समाजाचे. क्रोमच्या क्षारांनी कातडे फार तर दोन-चार दिवसांत कमावून होते, सालीने आठवडेच्या आठवडे लागतात. पण सालीने कमावलेले चामडे घाम शोषते, वापरता वापरता पायाचा आकार घेते आणि जुने होईल तसे गडद होत जाते. पाणी मात्र त्याला सोसत नाही. ओले राहिले तर फुगते आणि बुरशी धरते. म्हणून कोल्हापुरी पावसाळ्यात माळ्यावर जाते.

तळासाठी म्हशीचे किंवा बैलाचे जाड चामडे लागते. ते रापीने कापायचे, ओले करून ठोकायचे, म्हणजे घट्ट बसते. तळाचे थर, टाच आणि कान चामड्याच्याच बारीक वादीने, म्हणजे दोऱ्यासारख्या पट्टीने, शिवतात. आरीने भोक पाडायचे, वादी ओवायची, ओढून आवळायची. अस्सल जोडात खिळा नसतो. तळ उलटा केला की वादीचे टाके ओळीने दिसतात, आणि विकत घेताना पाहायची पहिली खूण तीच. दुसरी खूण वास. सालीच्या चामड्याला तुरट, मातीसारखा वास येतो. रेक्झिनच्या नकलेला तो कधीच येत नाही.

कामाची वाटणी घरातच होते. तळ कापणे आणि ठोकणे बहुधा पुरुषांकडे, पट्ट्यावरची वेणी, शिलाई आणि नक्षी बहुधा बायकांकडे. वेणीसाठी चामड्याच्या पट्ट्या सुतळीएवढ्या बारीक कापून ओल्या असतानाच गुंफतात. सुकल्या की त्या आवळतात आणि वेणी दगडासारखी बसते. एखादी पट्टी केसभर जाड राहिली तर वेणी तिथे उचलते, आणि नेमकी ती जागा पायाला लागते. त्यामुळे वेणीचा हात लहानपणीच बसावा लागतो. कोल्हापुरीचे सौंदर्य ज्याला आपण म्हणतो ते बरेचसे या बायकांच्या बोटांत आहे. तरी दुकानाच्या पाटीवर किंवा डब्यावर त्यांचे नाव क्वचितच दिसते.

नवी चप्पल चावते. पहिले काही दिवस थोडा थोडा वेळ घालायची, आतून तेलाचे बोट फिरवायचे, अंगठा फार घट्ट असेल तर किंचित ओला करून ताणायचा. ज्याच्या घरी कोल्हापुरी वापरात आहे त्याला हे सांगावे लागत नाही.

इतिहास आणि फॅशन : कारागिरांच्या स्मृतीत या चपलेची मुळे बाराव्या शतकापर्यंत जातात. बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त, हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे केली, अशी कथा लिंगायत परंपरेत आहे. ती कथा आहे. पण चामड्याचे काम करणारा माणूस आपल्या कामाकडे कोणत्या श्रद्धेने पाहतो, हे तिच्यातून जितके कळते तितके सनावळ्यांतून कळत नाही. मराठी भाषेने मात्र वहाणेला तुच्छतेच्याच जागी बसवले. ‘पायीची वहाण पायीच बरी’ म्हणताना वहाण घडवणाऱ्यालाही आपण तिथेच ठेवले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कोल्हापूर संस्थानात या धंद्याला हात दिला. चपलेच्या आजच्या रूपाबद्दल कोल्हापुरात एक हकीकत सांगतात. १९२० च्या सुमारास सौदागर कुटुंबाने जाडजूड वहाण पातळ केली, बाजूला दोन कान काढले आणि तिला ‘कानवली’ म्हटले. नमुन्याचे जोड मुंबईच्या दुकानात पाठवले, ते हातोहात खपले आणि मागणी सुरू झाली. या हकिकतीत एक महत्त्वाची गोष्ट आहे. ज्याला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो तो आकारही कुणीतरी विचार करून बदललेला, बाजाराचा अंदाज घेऊन काढलेला नवा नमुना होता. त्याआधीच्या मर्दानी वहाणा शेतात आणि रानात चालण्यासाठी होत्या. त्यांचे जोड दीड-दोन किलोपर्यंत भरत असे सांगतात. चालताना होणारी करकर हा तर त्यांचा डौल होता : माणूस दिसण्याआधी त्याची चप्पल ऐकू यायची.

१९६०–७० च्या दशकांत हिप्पी मंडळींनी भारतातून ही चप्पल युरोप-अमेरिकेत नेली. त्याच सुमाराला महाराष्ट्रात खादीचा झब्बा, खांद्यावर शबनम पिशवी आणि पायात कोल्हापुरी हा कॉलेजातल्या, चळवळीतल्या आणि प्रायोगिक नाटकातल्या मंडळींचा वेश झाला. शेतकऱ्याच्या पायातली वस्तू मध्यमवर्गीय विचारवंताच्या पायात आली. पुढे स्वस्त रबरी आणि प्लॅस्टिकच्या चपलांनी रोजची जागा घेतली, आणि कोल्हापुरी सणावाराची, लग्नाकार्याची झाली. आज नऊवारीखाली किंवा पैठणीवर सोनेरी पट्ट्याची कोल्हापुरी घालणारी नवरी सहज दिसते. ठोकळा टाच, वेज, जाड प्लॅटफॉर्म, फिक्या गुलाबी-पिस्ता रंगांचे पट्टे, जरीचे काम, तळाखाली रबर, आत मऊ गादी, असे सगळे प्रकार बाजारात आहेत. रबराचा तळ आणि गादी यांचे मी स्वागतच करतो. डांबरी रस्त्यावर आणि गुळगुळीत फरशीवर निव्वळ चामड्याचा तळ झिजतो आणि घसरतो. पण वेणीच्या जागी वेणीचा ठसा उमटवलेली पट्टी चिकटवली, की कोल्हापुरीतून कोल्हापूर निघून जाते.

नवे रचनाकार : कारागीर आणि शहरी ग्राहक यांच्यात पूल बांधण्याचा सर्वांत गंभीर प्रयोग अथणीत झाला. बेंगळुरूच्या ‘असेंट’ संस्थेच्या पुढाकाराने, मधुरा छत्रपती यांच्या नेतृत्वाखाली, तिथल्या चर्मकार कुटुंबांतील बायकांचे बचतगट उभे राहिले आणि ‘टोहोल्ड’ ही कारागिरांची स्वतःची छाप, म्हणजे ब्रँड, बाजारात आली. मापे, नंबरानुसार पायाचे साचे, ठरल्या तारखेला माल देण्याची शिस्त, हे सगळे त्यांनी शिकून घेतले आणि चपला परदेशी पाठवल्या. हिशेब बायकांच्या हाती आला, ही मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

त्यानंतरची पिढी वेगळ्या वाटेने आली. पुण्याच्या हर्षवर्धन पटवर्धन यांनी ‘चॅपर्स’ नावाने कोल्हापुरीचा घाट ठेवून ती रोज घालण्याजोगी आरामशीर करण्याचा प्रयत्न केला. मुंबईच्या अपराजिता तूर यांनी पट्ट्यांची मांडणी, रंग आणि नक्षी बदलून तिला पार्टीच्या पोशाखाशी जोडले. मुंबईचेच सुधीर राजभर यांचे काम मुख्यतः पिशव्यांचे, तरी इथे त्यांचा उल्लेख हवा. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढली, कातडे मिळेनासे झाले आणि चर्मकारांचे हात रिकामे झाले. राजभर यांनी धारावीतल्या कारागिरांबरोबर वापरलेल्या रबरापासून वस्तू घडवल्या आणि आपल्या उद्योगाला ‘चमार स्टुडिओ’ असे नाव दिले. जे नाव शिवीसारखे वापरले गेले, तेच त्यांनी छाप म्हणून मिरवले. चर्मकारांच्या हातच्या वस्तूंच्या रचनेत इतके धाडस मी दुसरे पाहिलेले नाही.

प्राडा प्रकरण : २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने पुरुषांच्या २०२६ च्या वसंत-उन्हाळी पोशाखांचे सादरीकरण केले. त्यातल्या अनेक मॉडेलांच्या पायात अंगठा, पट्टा आणि वेणी असलेल्या चामडी चपला होत्या. कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते, त्या नुसत्या ‘चामड्याच्या सँडल’ होत्या. फोटो मोबाइलवर फिरले आणि कोल्हापुरात, बेळगावात संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले, त्यावर प्राडाने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे लेखी मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनीच दाद मागायला हवी, या मुद्द्यावर जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली.

कायद्याची अडचण इथे समजून घेतली पाहिजे. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा नावाला संरक्षण देतो. ‘कोल्हापुरी’ हे नाव दुसऱ्याने वापरले तर तो धावून येतो. आकाराला, वेणीला, अंगठ्याला त्याचे कवच नाही, आणि भारतातली नोंदणी इटलीत आपोआप चालत नाही. म्हणजे नाव न घेता आकार उचलणाऱ्याला हा कायदा सहसा अडवू शकत नाही. नाव चोरीला गेले तर इलाज आहे. इथे नाव गाळले गेले, आणि त्यावर इलाज नव्हता.

जुलैमध्येच प्राडाची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने लिडकॉम आणि लिडकरशी करार केला : महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड, विक्रीची किंमत जोडीला जवळपास ८०० युरो, सोबत कारागिरांसाठी प्रशिक्षण. चप्पल लाईनमध्ये चांगला जोड हजार-पंधराशेला मिळतो. त्यातूनही चामडे, व्यापारी आणि दुकान यांचा वाटा गेल्यावर शिवणाऱ्याच्या हाती थोडेच उरते. या कराराचे मोजमाप त्या उरलेल्या रकमेवरच करावे लागेल. या गदारोळात एक चांगले झाले. ज्या घरांतली मुले ‘यात काही राम नाही’ म्हणून कारखान्यात किंवा पुण्या-मुंबईला गेली होती, त्या घरांतल्या कामाकडे पुन्हा लोकांचे लक्ष गेले.

नकलेला आळा घालण्यासाठी लिडकॉमने २०२५ मध्ये अस्सल जोडांना क्यूआर कोड देण्याचे जाहीर केले. मोबाइल धरला की चप्पल कुठे बनली, कोणते चामडे वापरले, कोणत्या पद्धतीने घडवली आणि मानांकन वैध आहे की नाही, हे दिसावे अशी ती योजना आहे. त्या माहितीत पहिली नोंद आहे ती जोड घडवणाऱ्या कारागिराच्या किंवा त्याच्या गटाच्या नावाची.