स्वस्ताई होती पण हातात पैसा नव्हता: 1930 ची मंदी आणि आपलं नागपूर-वऱ्हाड

जुन्या लोकांच्या बोलण्यात 1930 च्या आसपासचा काळ 'स्वस्ताईचा' म्हणून येतो, रुपयाला इतकी ज्वारी, इतकं तूप, आणि ऐकणाऱ्याला वाटतं काय सुखाचे दिवस असतील बाप्पा. पण ती स्वस्ताई हेच तर संकट होतं, काऊन की आपल्या भागातला शेतकरी बाजारात जायचा तो आधी कापूस विकायला, बाकी सगळी खरेदी त्याच पैशातून.

सुरुवात अमेरिकेत झाली. तिकडं लोक उधारीवर शेअर घेत सुटले होते, ऑक्टोबर 1929 मधे न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, मग बँका बुडाल्या, ठेवी गेल्या, कारखाने बंद पडले, 1933 पर्यंत तिथं चारातला एक कामगार घरी बसला होता. 1930 मधे अमेरिकेनं बाहेरच्या मालावर जबर टॅरिफ म्हणजे आयात कर लावला, बाकीच्या देशांनीही तेच केलं आणि जगाचा व्यापारच आटला. शेतमालाचे भाव आधीच उतरत होते, ते आता धडाधड पडले.

वऱ्हाड यात सापडलं ते कापसामुळे, आणि ती गोष्ट बरीच जुनी आहे. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं जवळपास थांबलं तेव्हा इंग्रजांचा डोळा आपल्या काळ्या मातीवर पडला, 1867 मधे रेल्वे नागपूरला पोचली, 1877 मधे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, जागोजागी सरकी काढून कापसाच्या गठाणी बांधणारे जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. वावरात पऱ्हाटी वाढत गेली. घरचं तेल-मीठ, कापड, पोरीचं लग्न सगळं कापसाच्या भावावर आलं आणि तो भाव ठरायचा लिव्हरपूल नाहीतर न्यूयॉर्कात.

त्यात रुपयाची भानगड. 1927 मधे सरकारनं रुपयाचा दर 1 शिलिंग 6 पेन्स पक्का केला, इथल्या नेत्यांची मागणी 1 शिलिंग 4 पेन्सची होती (12 पेन्सचा 1 शिलिंग, 20 शिलिंगचा 1 पौंड). फरक फक्त 2 पेन्सचा दिसतो, पण मागणीच्या दरानं 1 पौंडाच्या मालाचे 15 रुपये आले असते तिथं आता 13 रुपये 5 आणे 4 पैच आले. मंदीत भाव पडले तरी सरकार हा दर सोडायला तयार नव्हतं. माझ्या मते आपल्याकडच्या हालाचं अर्धं मूळ या हट्टात आहे, अमेरिकेला सगळा दोष देऊन भागत नाही.

काऊन की शेतसारा आणि सावकाराचं देणं दोन्ही रुपयात बांधलेलं. भाव अर्ध्यावर आला की जो सारा दोन बंड्या कापसात फिटायचा त्याला चार बंड्या लागायच्या, वावर तेवढंच, पाऊस तेवढाच, मेहनतही तेवढीच. पीक बुडालं तर निदान सूट मागता येते, इथं पीक घरात असून माणूस बुडत होता! सरकी काढायची मजुरी, अडत, बंडीभाडं कापून हातात येणारी रक्कम घेऊन तो आधी सावकाराकडं जायचा, तरी व्याजच पुरं होत नव्हतं, मुद्दल तसंच राहायचं.

मग घरातलं सोनं निघालं. सप्टेंबर 1931 मधे ब्रिटननं पौंड सोन्यापासून तोडला, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरल्या दरानं सोनं देणं बंद केलं, रुपया पौंडालाच बांधलेला राहिला, आणि जे सोनं तोळ्याला 21 रुपयांच्या आसपास होतं ते चढत गेलं. बायकांच्या अंगावरच्या पाटल्या, पुतळ्या, एकदाणी सराफाच्या काट्यावर गेल्या, तिथून मुंबई आणि बोटीनं लंडन. पिढ्यान् पिढ्या सोनं आयात करणारा देश काही महिन्यांत निर्यात करणारा झाला. भाव चांगला मिळतो म्हणून लोक विकतात असं सरकारी बाजूनं सांगितलं जायचं, पण सारा भरायला मोडलेल्या पाटल्यांना नफा म्हणणं मला अजिबात पटत नाही.

नागपूर शहरात, तेव्हाच्या मध्य प्रांताची राजधानी असल्यामुळे, चित्र थोडं वेगळं होतं. भारत सरकारनं 1931 च्या शेवटी नोकरांच्या पगारात 10 टक्के कपात केली तरी भाव त्याहून जास्त पडलेले, त्यामुळे बांधा पगार असणाऱ्याचं निभावलं. हाल झाले ते नवीन शिकून बाहेर पडलेल्या पोरांचे, कारण नोकऱ्याच निघत नव्हत्या.

1933 मधे आणखी एक दणका बसला. आपला आखूड धाग्याचा कापूस घेणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे जपान, आणि इथं ब्रिटन सोडून बाकीच्यांच्या कापडावर 75 टक्के ड्युटी लागली तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेणंच बंद केलं. जानेवारी 1934 मधे समझोता झाला, तोवर शेतकऱ्याचा जीव टांगणीला.

त्याच 1933 मधे मध्य प्रांतात कर्ज तडजोडीचा कायदा आला, सावकार आणि कर्जदाराला बोर्डासमोर बसवून रक्कम कमी करायची आणि हप्ते बांधून द्यायचे. 1934 च्या दुसऱ्या कायद्यानं सावकाराला नीट हिशेब ठेवून तो कर्जदाराला देणं भाग पाडलं. पण तडजोड बरीचशी सावकाराच्या राजीखुशीवर होती, आणि ज्याचं वावर त्याआधीच हातचं गेलं त्याच्या ती काही कामाची नव्हती. भाव खरे वर आले ते 1939 चं युद्ध सुरू झाल्यावरच.